गाड्या सोडणारे नाना

अक्कांनी कुकर गॅसवर चढवला की नाना पायात चपला सरकवून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहत. शिट्ट्या होईपर्यंत समोरच्या लिंबाखाली थांबत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, आणि अक्कांनी आतून "झाला" म्हणून हाक दिली की परत येत. गल्लीत कोणालाच याचं काही वाटत नसे. नाना बाहेर उभे आहेत म्हणजे त्यांच्याकडे डाळ शिजते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी भाडेकरू म्हणून पहिल्यांदा सामान घेऊन आलो तेव्हा ते असेच लिंबाखाली होते. मला वाटलं, आपल्या स्वागताला उभे आहेत. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, "थांब. अजून एक शिट्टी बाकी शे."

धुळ्याच्या देवपुरातलं ते घर. खाली नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का, वरच्या खोलीत मी. मी चोपड्याकडचा. घरची केळी आणि कापूस, शिकलो इलेक्ट्रिकल, आणि साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामाला लागलो होतो. कंपनीची जीप सकाळी धुळ्यातून घेऊन जाई आणि संध्याकाळी आणून सोडी. नाना एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. म्हणजे बसस्टँडवर काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते सांगणारा आणि ती सोडायची की थांबवायची ते ठरवणारा माणूस. सबंध नोकरी त्यांनी गाड्या सोडण्यात घालवली, आणि स्वतः मात्र होता होईल तो गाडीत बसले नाहीत. भाच्याचं लग्न मालेगावला होतं, तासाभराची वाट, तरी अक्काच जाऊन आल्या. नानांनी त्यांना गाडीत बसवून दिलं, खिडकीची काच नीट सरकते का ते पाहिलं, आणि संध्याकाळी त्या परत येईपर्यंत घासभर खाल्लं नाही.

इतकं भिणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी कारण असणार असं सगळ्यांनाच वाटे. गल्लीत त्याच्या दोन-तीन कहाण्या होत्या. कोणी म्हणे, त्यांनी सोडलेली एक गाडी लळिंगच्या घाटात उलटली. कोणी म्हणे, लहानपणी पांझरेच्या पुरात वाहून जाता जाता वाचले. मी एकदा धीर करून सरळ विचारलं. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाले, तसलं काही घडलेलं नाही, देवाच्या दयेनं सगळं व्यवस्थित झालं. मला पहिल्यापासूनच भीती वाटते. काहींना ऊन लागतं, मला भीती लागते.

पंख्याखाली ते बसत नसत. कडेला खुर्ची घेऊन, वारा तिरपा लागेल असे बसत. संक्रांतीच्या आठवड्यात गळ्याला उपरणं गुंडाळून हिंडत, पतंगाच्या मांज्याची धास्ती म्हणून. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, नाना कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि तिथून परत येऊन ओढून पाहत. अक्कांचं म्हणणं होतं की हे चोरासाठी नाहीच, कुलपाला एकटं वाटू नये म्हणून आहे. अक्का अशा गोष्टी अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलत.

घरातून कोणी बाहेर निघालं की मात्र नानांच्या अंगात जुनी नोकरी संचारे. अक्का भाजीला निघाल्या तरी दारात उभं करून त्यांची तपासणी होई. पिशवी, चष्मा, किल्ली, चपलेचा अंगठा. माझी तपासणी सकाळी जीप यायच्या आधी. डबा घेतला का, हेल्मेट घेतलं का, आणि सगळ्यात पहिल्यांदा, "पाणी देखं का?" गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला त्यांचा पहिला प्रश्न हाच असे, रेडिएटरच्या पाण्याचा. तो त्यांच्या जिभेवरून कधी उतरलाच नाही. आजारी माणसाला भेटायला गेले तरी आधी पाणी पिता का विचारत. गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सासर कसं आहे हे सगळे विचारत होते, नानांनी तिथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं. मुलीच्या आईला ते विचारायचं सुचलंच नव्हतं, आणि ती दोन दिवस घोरात पडली.

मी काय काम करतो हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं. पवनचक्की म्हणजे खाली खोलीत बसून वीज मोजायची असेल अशी त्यांची समजूत. एकदा जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं की आज वर चढलो होतो, खांबाच्या आतून शिडी असते, पट्टा लावून चढायचं आणि माथ्यावरच्या खोलीत काम करायचं. नानांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. पुढे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यावर गाठून विचारलं, "वर गयावर धुळं दिसस का?" मी म्हणालो, नाही, दिसत नाही. ते थोडे सैल झाले. धुळ्यातून दिसत नाही एवढ्या लांब मी चढतो, हे त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं असावं.

त्यानंतर मात्र ते वाऱ्याकडे लक्ष ठेवू लागले. एका सकाळी जोराचं वारं सुटलं तर जिना चढून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, आज कामावर जाऊ नको, वारं फार आहे. मी त्यांना समजावलं की नाना, वारं असलं तरच आमचं काम, वाऱ्यावरच पोट आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू माझ्या आईबापांनी मला कुठल्या धंद्याला लावलं आहे हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही कमी भीती वाटत नसे. फरक एवढाच की माझ्या चेहऱ्यावर ती दिसत नाही. माझा चेहरा आबांवर गेला आहे. आबा म्हणजे माझे वडील. गारपीट झाली तरी आणि भाव चढला तरी त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "पाहू". बाहेरच्यांना वाटतं, काय खंबीर घराणं आहे. आत काय चालतं ते आमचं आम्हाला ठाऊक.

परदेशी शिकायला जायचं हे माझ्या डोक्यात शिरलं ते पठारावरच. एखादी चक्की मध्येच बंद पडे. वारा भरपूर, पाती गप्प. खालच्या पडद्यावर बिघाडाचा एक आकडा दिसे. तो आकडा आम्ही फोनवर मोठ्या ऑफिसला कळवत असू, ते पुढे जर्मनीला विचारत, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत आम्ही खाली गवतात बसून पात्यांकडे बघत राहायचं. डोंगर आमचा, वारा आमचा, पाय आमचे मोडायचे, आणि काय बिघडलं आहे ते सांगणारा माणूस सात समुद्रांपलीकडे. मला त्या माणसाचा हेवा वाटे. ते उत्तर कुठून येतं ते शिकायचं असं मी ठरवलं, आणि उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या अक्षय ऊर्जेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज टाकला. प्रवेश मिळाला. ज्या संध्याकाळी ते कळलं त्या संध्याकाळी मला आनंद झाला तो जेमतेम जेवणापर्यंत टिकला. जेवण झाल्यावर जी भीती लागली ती पुढे चार महिने सुटली नाही.

घरी सांगितलं. आई रडली आणि लगेच उठून बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजत घालायला गेली. आबा म्हणाले, पाहू. साक्रीला चक्क्या आहेतच की, मग तिकडे कशाला, असं त्यांच्या मनात असणार, पण ते बोलले नाहीत. मग नानांना सांगितलं. मला वाटलं होतं, आता हे आठवडाभर बोलणार नाहीत. पण नाना गप्प बसले नाहीत. ते कामाला लागले.

त्यांच्या हिशेबानं मी आता एक लांब पल्ल्याची गाडी होतो आणि ती नीट तपासून सोडणं हे त्यांचं काम होतं. प्रत्येक गोष्टीची आधी तालीम झाली पाहिजे असं त्यांनी जाहीर केलं. विमानतळावर बॅग ओढत चालायची तालीम झाली. मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकांची बॅग खडखडवत गेलो आणि सगळ्या पोरांनी पाहून घेतलं. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम झाली. नाना टेबलामागे इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि मी समोर उभा. खुर्ची देतील याची खात्री नाही, म्हणून उभ्यानं. त्यांचे प्रश्न कुठल्याही वकिलातीत कोणी विचारले नसतील. वाटेत काय खाणार? रात्री दाराला आतून कडी आहे का? आजारी पडलास तर कपाळावर हात कोण ठेवणार? आणि शेवटी नेहमी, "परत कव्हय?" म्हणजे परत कधी. मी म्हणायचो, दोन वर्षांनी, शिक्षण संपलं की. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला नापास केलं. माझ्या आवाजात दम नाही म्हणाले. माइकवर बोलल्यासारखं बोलायचं, ऐकणाऱ्याला शंका राहता कामा नये.

थंडीची तालीम मात्र धुळ्यात अजून कोणी विसरलं नसेल. मे महिना, बाहेर डांबर पाघळत होतं, आणि नानांना काळजी की या पोराला बर्फ सोसेल का. मार्केट यार्डाच्या बाजूला केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. आमच्या चोपड्याकडची हिरवी केळी क्रेटमध्ये भरून तिथे येतात आणि चार-पाच दिवसांत पिवळी होऊन निघतात. तिथला व्यापारी नानांच्या ओळखीचा. नानांनी मला भर दुपारी स्वेटर, मफलर आणि अक्कांची शाल पांघरून रिक्षानं तिथे नेलं. रिक्षावाल्यानं मला मलेरिया झाला आहे असं समजून न विचारताच रिक्षा दवाखान्याकडे वळवली होती. खोलीत केळी पिकवायचा गॅस सोडलेला नाही ना याची नानांनी व्यापाऱ्याकडून तीनदा खात्री करून घेतली, मला क्रेटच्या रांगांमध्ये एका उलट्या टोपलीवर बसवलं, आणि स्वतः बाहेर दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. दार आपोआप बंद होऊन आत अडकलो तर, म्हणून. मधून मधून ते फटीतून विचारत, कसं आहे? मी म्हणे, बरं आहे. बाहेरच्या भट्टीतून आलेल्याला ते खरोखर फार बरं वाटत होतं, उठावंसं वाटेना.

बाहेर आलो तेव्हा नाना खुशीत होते. पोरगा टिकला. पण व्यापारी बोलण्याच्या ओघात म्हणाला की हे काहीच नाही, याहून गार करून चालत नाही, केळं काळं पडतं. नानांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की हा केळीच्या मळ्यात वाढलेला आहे, याच्या बाबतीत घाई झाली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी माझ्या हाताची नखं उजेडात धरून पाहायचे. काळी पडली तर नाहीत ना. मी हसायचो. पण ज्या रात्री झोप येत नसे त्या रात्री मीही दिव्याखाली स्वतःची नखं पाहत असे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मुंबईला व्हिसासाठी जाऊन आलो. खिडकीपलीकडे एक चष्मेवाल्या बाई होत्या. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, असे दोन-चार प्रश्न त्यांनी विचारले आणि मी पाठ केलेली उत्तरं अडखळत दिली. मग त्यांनी विचारलं, शिक्षण संपल्यावर काय करणार. आणि माझ्या तोंडून एकदम स्टँडवरच्या माइकचा आवाज निघाला. परत येणार. बाईंनी मान वर करून पाहिलं. मला वाटतं त्यांना शंका राहिली नाही.

व्हिसा आला. तिकीट झालं. आईचे बिबडे वाळून डब्यात बसले. आणि आता अडवणारं काहीच उरलं नाही तेव्हा माझा धीर सुटला. अर्ज करताना, कागद जमवताना मनात कुठेतरी होतं की अजून काहीतरी अडेल, कोणीतरी नाही म्हणेल. कोणीच म्हणालं नाही. रात्र रात्र मी छताकडे बघत पडे. मला तिकडची भाषा धड येत नाही, मला स्वयंपाकात खिचडीच्या पुढे काही येत नाही, वर्गात सगळी हुशार पोरं असतील आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळेल की हा धुळ्याकडचा चुकून आत आला आहे. आबांना काही झालं तर मला पोहोचायला दोन दिवस लागतील. हे सगळं मी कोणाशी बोललो नाही. आमच्या घराण्याचा चेहरा खंबीर.

मी ठरवलं, जायचं नाही. पण हे आपण होऊन ठरवलं असं कोणाला सांगायची लाज वाटत होती. कोणीतरी मला थांबवायला हवं होतं. आणि जिल्ह्यात मला थांबवेल असा हमखास माणूस एकच होता. नाना एकदा नको म्हणाले असते की मी सगळ्यांना सांगू शकलो असतो, काय करणार, नानांनी फार मनाला लावून घेतलं.

सकाळी खाली गेलो तर ते लिंबाखाली उभे. आत कुकर लागला होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, नाना, मी काही जात नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा कान घराकडे होता. तसेच म्हणाले, "गाडीमा काही बिघाड शे का?"

मी म्हणालो, नाही.

"रस्ता बंद शे?"

"नाही."

"मंग गाडी उभी कसाले शे?"

मी म्हणालो, भीती वाटते नाना. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मोठ्यानं सांगत होतो, आणि माझा आवाज माझ्यासारखा लागला नाही. आत शिट्टी झाली. नाना दचकले, नेहमीप्रमाणे. मग म्हणाले, "माले तं हर गाडीले वाटे."

आणि मग ते बोलत राहिले, मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, तुला एक सांगू का, कंट्रोलरला गाडी पोहोचल्याचा निरोप कधी येत नाही. पहाटे मी सुरतची गाडी सोडायचो. ती फाटकातून वळली की गेली. नवापूर ओलांडलं का, सुरतला लागली का, हे मला कोण कळवणार? कोणाला तेवढा वेळ आहे? दुसऱ्या गाड्या सोडायच्या असायच्या, मी सोडायचो, आणि ती सुरत दिवसभर माझ्या छातीत चालत राहायची. संध्याकाळी ती परत येऊन फलाटावर लागली, ड्रायव्हर चहाला उतरला, की मग समजायचं, पोहोचली होती. दुसरा काही इलाज नव्हता. रोज इतक्या गाड्या, आणि प्रत्येकीच्या बाबतीत हेच.

मी विचारलं, मग तुम्ही सोडायचात कशा?

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुन्हा माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. म्हणाले, "लोके बसेल ऱ्हायेत ना." लोक गाडीत बसलेले असत ना.

अक्कांनी आतून हाक दिली, झाला म्हणून. नाना आत गेले आणि मी लिंबाखाली राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नव्हतं, धीर दिला नव्हता, सगळं ठीक होईल असंही म्हणाले नव्हते. उलट भीती जात नाही हेच त्यांनी सांगितलं होतं. तरी मी वर जाऊन बॅग पुन्हा बांधायला घेतली.

मुंबईची गाडी धुळ्याहूनच पकडायची होती. आई आणि आबा आदल्या दिवशीच चोपड्याहून आले. स्टँडवर मला निरोप द्यायला जमलेल्यांत नाना नव्हतेच. ते गाडीभोवती फिरत होते. टायरला लाथ मारून पाहिली, ड्रायव्हरला पाणी पाहायला लावलं, तो चिडला, मग ओळख पटल्यावर त्यानं निमूटपणे बॉनेट उघडून पुन्हा पाहिलं. आईनं माझ्या हातात दह्याची वाटी दिली. आबांनी खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या मनगटावर ठेवला. या वेळी पाहू सुद्धा म्हणाले नाहीत. मला तो हात काढायला लावायचं धाडस होईना.

तेवढ्यात माइक वाजला. ड्युटीवरच्या तरुण कंट्रोलरनं नानांना आत बसवलं होतं. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. घरातला नानांचा आवाज चोरटा, घोगरा, दर वाक्याला मागे पाहणारा. हा आवाज भरदार होता. धुळ्याहून नाशिकमार्गे मुंबईला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावं. माझं नाव नाही, शुभेच्छा नाहीत, आवाजात कंप नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाला जगात कशाचीच काळजी नाही. गाडी मागे सरकली, वळली. मी काचेच्या खोलीकडे पाहून हात हलवत होतो. नानांनी गाडी फाटकातून निघतानाच पाठ फिरवली. मला त्यांचा फार राग आला. नाशिक येईपर्यंत तो राग होता, आणि त्यामुळे नाशिकपर्यंत मी रडलो नाही.

अक्कांनी नंतर फोनवर सांगितलं की दुसऱ्या दिवशी नाना सकाळपासून स्टँडवर जाऊन बसले होते. ती गाडी मुंबईहून परत येऊन लागली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला गाठून विचारलं, तो पोरगा नीट उतरला का, बॅगा घेतल्या का. ड्रायव्हरला अर्थातच काही आठवत नव्हतं. तो म्हणाला, उतरलेच असतील काका, गाडी तर रिकामी आहे.

मी इथे आलो. इथला वारा आडवा येतो आणि पाऊस सोबत घेऊन येतो, छत्री उलटी करून दाखवतो आणि पुढे जातो. पहिल्या हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायचा. वर्गात खरोखरच सगळी हुशार पोरं होती. मी आठ-आठ दिवस कामापुरतं सोडून कोणाशी बोलत नसे. रविवारी, इथल्या सकाळी, अक्कांच्या फोनवरून नानांचा फोन येई. आधी अक्का बोलत आणि मग नाना फोन घेऊन एकच प्रश्न विचारत.

"पोचना का?"

पोहोचलास का. पहिल्यांदा मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. मी हसून म्हणालो, नाना, मला येऊन महिना झाला. ते म्हणाले, हां, पण पोचना का? मला वाटलं, वय झालं, विसरतात. हिवाळा असाच गेला. मग एका रविवारी, ज्या आठवड्यात मी एका परीक्षेत नापास झालो होतो आणि कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मी काही न ठरवता म्हणालो, नाही नाना, अजून नाही. ते म्हणाले, बरं, रस्ता लांब आहे. एवढंच. त्यानंतर मी त्यांना खरं सांगू लागलो. कधी म्हणे, अजून नाही. कधी म्हणे, जवळ आलोय. दुसऱ्या उन्हाळ्यात, प्रबंधाचं काम चांगलं चाललं होतं, समुद्राकाठच्या चक्क्यांवर मला घेऊन जात होते, तेव्हा एकदा मी म्हणालो, पोहोचलो वाटतं. पलीकडे अक्कांना ते मोठ्यानं सांगताना मला ऐकू आलं. त्यांनी साखर वाटली असती, फक्त गाडी अजून परत फलाटावर लागायची होती.

ती लागली नाही. शिक्षण संपत आलं तेव्हा इथल्याच एका कंपनीनं मला नोकरी दिली. जगभरच्या डोंगरांवरून आणि समुद्रांवरून बंद पडलेल्या चक्क्यांचे आकडे ज्या टेबलावर येतात त्या टेबलावर मी आता बसतो. कधी कधी आकड्याखाली आपल्याकडच्या एखाद्या पठाराचं नाव असतं, आणि मला गवतात बसलेली माणसं दिसतात. यासाठीच तर आलो होतो. मी नोकरी घेतली. आबांना सांगितलं, ते बरं म्हणाले. आईनं विचारलं, बिबडे संपले का. नानांना सांगायला मी तीन रविवार लावले. त्यांच्यापुढे उभं राहून मी माइकच्या आवाजात परत येणार म्हणालो होतो आणि त्यांनी मला पास केलं होतं.

शेवटी सांगितलं. मग नाना म्हणाले, "म्हंजे गाडी तठे मुक्कामी शे."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी सुटून खेड्यात जाणारी आणि रात्री तिथेच राहणारी. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी पहिल्या फेरीला ती परत येते. मी म्हणालो, हो नाना, तसंच समजा. ते फोन बाजूला धरून अक्कांना समजावू लागले. बाई, मुक्कामी गाडीची काळजी करायची नसते. तिची कोणी रात्री वाट पाहत नाही. ती सकाळी येतेच. अक्का काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्यांना रडू येत असावं, कारण नाना तेच तेच पुन्हा सांगत होते, समजुतीच्या आवाजात, जणू भिणारा माणूस त्या घरात दुसराच कोणीतरी आहे.

तेव्हापासून त्यांनी मला तो प्रश्न विचारलेला नाही. रविवारी फोन येतो. उन्हाचं बोलतात, अक्कांच्या गुडघ्यांचं बोलतात, स्टँडवर नवीन गाड्या आल्या आहेत त्यांचं. वरची खोली अजून कोणाला दिलेली नाही. मी फोनवर वाट पाहत असतो की आता विचारतील. ते पाण्याची चौकशी करतात आणि फोन अक्कांकडे देतात. मला ते सहन होत नाही. गेल्या रविवारी मीच म्हणालो, नाना, तुम्ही हल्ली विचारत नाही मला, पोहोचलास का म्हणून.

"काय इचारू?" नाना म्हणाले. "सकाळ व्हऊ दे."

त्यांच्याकडे तेव्हा भर दुपार होती.